बिडीभर वेळ

मामा,

तुम्ही गेलात तेव्हा माझा फोन गेटवरच्या लोखंडी कप्प्यात होता. कप्प्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. त्या कप्प्यात मामींचे सात फोन वाजून गेले. बंगळूरला आमच्या कामाच्या ठिकाणी, जिथं इंजिन चालवून बघतात तिथं, फोन आत नेता येत नाही हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. "आमच्या संगीचा फोन म्हंजी येशीभाईरचा पाव्हना," असं तुम्ही अख्ख्या ताडकळसला सांगायचात. त्या दिवशी तो पाहुणा वेशीबाहेर ओरडत राहिला आणि मी आत, कान झाकून, एका इंजिनाकडे बघत उभी होते.

काल तुमचं तेरावं झालं. सोयरे आपापल्या गावी गेले. आज सकाळी मी तुमचं दुकान उघडलं आणि ज्या फळीवर तुम्ही कुणाला टेकूसुद्धा देत नव्हता, तिच्यावर येऊन बसले. तेरा दिवस येणारा-जाणारा एकच म्हणत होता, "मिस्तरी म्हंजी देवमानूस." मला ऐकून राग येत होता. देवमाणूस कसले? तुम्ही तापट होतात, हट्टी होतात, दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट तुम्हाला जन्मात कधी पसंत पडला नाही, आणि दोन दिवस छातीत कळ येत असताना "वात हाय" म्हणून ओवा चावत बसलात. देवमाणसाशी भांडता येत नाही. माझं तुमच्याशी भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्यात चूक माझी आहे. तीच सांगायला बसलेय.

सोनपेठकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकावं म्हणून आईनं मला तुमच्याकडं, भावाच्या घरी, आणून सोडलं. तुम्हाला लेकरू नव्हतं. मामी मला भाकरी थापायला बसवायच्या आणि तुम्ही बाहेरून हाक मारायचात, "संगे, बारा-तेराचा पाना कुठं ठिवला गं?" पाना तुमच्या हातातच असायचा. मामींना ते कळायचं, पण त्या मला जाऊ द्यायच्या. दुपारची शाळा सुटली की मी या पत्र्याच्या शेडमध्ये. पंचक्रोशीतली तेलाची इंजिनं इथं यायची, कुठलं विहिरीवरचं, कुठलं मळणीयंत्राचं, कुठलं गिरणीचं. रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, आणि तरी मामी म्हणायच्या की पोरीच्या हाताच्या भाकरीला डिझेलचा वास येतो.

तुमचा एक नियम होता, तो आपल्या भागात म्हणीसारखा झाला होता. इंजिन एकदम बंद करायचं नाही. आधी रेस उतरवायची, बिडीभर हळू चालू द्यायचं, मग बंद. बंद केल्यावर लगेच हँडल मारायचं नाही. थंडीवाऱ्याचे दिवस असले तर वरून गोणपाटाचं पोतं टाकायचं, म्हणजे आतलं आणि बाहेरचं बरोबरीनं निवतं. कुणी घाई केली तर तुम्ही म्हणायचात, "पळत आलेल्या मानसाला लगीच पानी देतेत का?" पुढं डॉक्टरनं बिडी बंद केली. बिडी सुटली, पण माप सुटलं नाही. न पेटवलेली बिडी दोन बोटांत धरून तुम्ही इंजिनाजवळ उभे राहायचात आणि ती जळून संपली असती तेवढ्या वेळानं बरोबर लिव्हर ओढायचात.

मी सहावीत असताना पूर्णेला कुणा पुढाऱ्याची सभा होती आणि हेलिकॉप्टर येणार होतं. तुम्ही दुकान बंद करून मला मोटारसायकलवर घेऊन गेलात. तुम्ही दुकान बंद केलं ही त्या दिवशीची सभेपेक्षा मोठी बातमी होती. हेलिकॉप्टर मैदानात उतरलं तेव्हा एवढी धूळ उडाली की बायांनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. पुढारी उतरला, हार झाले, लोक त्याच्यामागं स्टेजकडं धावले. तुम्ही हलला नाहीत. इंजिन अजून चालू होतं. पाती हळू फिरत होती आणि पायलट आत नुसता बसून होता. थोड्या वेळानं त्यानं ते बंद केलं.

"बगितलं का संगे?" तुम्ही म्हणालात. "त्योबी बिडीभर थांबला."

तुमचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा तसा बघितला. आपण पत्र्याच्या शेडमध्ये जे करतो तेच तो आभाळातून आलेला माणूस करतो, याचा तुम्हाला कोण आनंद झाला होता. परतताना तुम्ही वाटेत तीन जणांना गाडी थांबवून हे सांगितलं. पुढारी काय बोलला असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्हाला काहीच सांगता आलं नाही.

पुढच्याच वर्षी मी तो घोळ केला. गव्हाच्या मळणीला एका शेतात इंजिन लावून तुम्ही जेवायला बसला होतात, लांब, लिंबाखाली. मी इंजिनापाशी होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा ड्रम गळून रिकामा झाला होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रंग जळल्याचा वास सुटला. मी घाबरून लिव्हर ओढली, आणि इंजिनाला बरं वाटावं म्हणून विहिरीचं गार पाणी बादलीनं आणून त्याच्या अंगावर ओतलं. टण्ण आवाज झाला. वाफ गेली, आणि मग मी शहाणीनं, आता निवलं म्हणून, हँडलला हात घातला. हँडल जाग्यावरून हललं नाही.

तुम्ही धावत आलात, उष्ट्या हातानं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तुम्ही माझा हात धरला आणि इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला लावलात. गार लागलं. "भाईरून थंड झालंय," तुम्ही म्हणालात, "आत अजून आग हाय. भाईरचं आवळलं, आतलं फुगल्यालंच ऱ्हायलं. मग त्यानं फिरावं कसं?" शेतकरी बोंब मारायला लागला तर त्याला सांगितलंत, "मव्हा हात चुकला." आयुष्यात एकदाच तुम्ही दुसऱ्यानं केलेलं काम स्वतःचं म्हणून सांगितलंत, आणि ते असं.

पुढचं शिक्षण, नोकरी, ते सगळं तुम्हाला पाठ आहे. लष्कराच्या हेलिकॉप्टरसाठी नवीन इंजिन तयार करायच्या कामावर मला घेतलं तेव्हा पेपरात जेवढं छापून आलं होतं तेवढंच मी तुम्हाला सांगितलं. हेलिकॉप्टर जुनंच राहणार, त्याच्या पोटातलं इंजिन तेवढं काढून नवं बसवायचं, आणि ते कमी तेलात जास्त ओढणारं हवं. बाकीचे लोक हे ऐकून "वा, वा" करतात. तुम्ही कपाळाला हात लावला. "पाया जुना, बोल्ट जुने अन् इंजिन नवं? लय अवघड काम. नव्या इंजिनापरीस जुना पायाच लय नखरे करतोय, संगे." आमच्याकडं मोठमोठ्या लोकांना हे कळायला बरेच महिने लागले होते.

कमी तेल कशाला, लष्कराला काय तेलाची कमी आहे का, असं मामींनी विचारलं. मी म्हटलं, मामी, तेलाचंही वजन असतं. उंच डोंगरावर हवा पातळ, तिथं हेलिकॉप्टरला स्वतःचंच ओझं होतं. जेवढं तेल कमी न्यावं लागेल तेवढं दुसरं काही उचलता येईल. बर्फात जखमी होऊन पडलेला एखादा माणूस जास्तीचा खाली आणता येईल. संध्याकाळी बाजाराच्या रस्त्यावर तुम्हाला कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं. तुम्ही सांगत होतात, "आमची संगी एका मानसाची जागा करायलीय." माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मी स्वतः कधी केलं नाही.

आता मागच्या दिवाळीचं.

तुम्हाला ते सांगायला आता हरकत नाही. इंजिन चाललं एवढं सांगायची मला परवानगी आहे, आणि बाकीचं सगळं तुमच्या दुकानातलंच आहे. आकडे मी इथंही लिहीत नाही. आमच्या इंजिनात पाती गोल फिरतात आणि त्यांच्याभोवती एक नळकांडं असतं. पात्याचं टोक आणि नळकांडं यांच्यात जी फट, तिच्यातून हवा निसटली की तेवढं तेल वाया. म्हणून ती फट केसासारखी बारीक ठेवायची. सगळी काटकसर त्या फटीत. इथपर्यंत छान चाललं होतं. पण लष्कराच्या माणसाला बिडीभर थांबायची सोय नेहमीच नसते. कुठंतरी अवघड जागी उतरायचं, इंजिन बंद करायचं, आणि लगेच काही झालं तर त्याच पावली पुन्हा उडायचं. तसं करून बघितलं आणि पाती घासली. उघडलं तर आतून चकचकीत ओरखडा, गोल. सगळ्यांचे चेहरे उतरले. फट वाढवा, असं काही जण म्हणाले. फट वाढवली की नवं इंजिन जुन्यासारखंच पिणार, मग एवढी वर्षं केलं काय?

हे डोक्यात घेऊन मी पाडव्याला तुमच्या ओसरीत बसले होते. तुम्ही पेपरातलं कात्रण घेऊन आलात. "कुठवर आलं मग?"

"मामा, सांगता येत नाही."

"मी काय पाकिस्तानला सांगायलो का?" आपण दोघंही हसलो. मग तुम्ही माझ्याकडं नीट बघितलंत, बिघडलेल्या इंजिनाकडं बघायचात तसं, मान थोडी वाकडी करून. "आडकलंय कुठंतरी," तुम्ही म्हणालात. तुम्ही करंजीचा तुकडा मोडलात. "बंद करून लगीच चालू केलं व्हतं का?"

मामा, एवढ्या सगळ्या शिकलेल्या लोकांना, मोठमोठी यंत्रं लावून, जे कळायला दोन आठवडे लागले ते तुम्ही करंजी खाता खाता विचारलंत. हो म्हणता येत नव्हतं, मी कागदावर सही केली होती. नाही म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या तोंडावर खोटं वाचलं असतं. मग मी सोपी वाट धरली. मी चिडले.

"मामा, हे काही तुमचं तेलाचं इंजिन नाही. तिथलं तुम्हाला नाही कळायचं."

मामी चिवड्याचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. सणाचा दिवस, तुमचे हात स्वच्छ होते, तरी तुम्ही खांद्यावरच्या पंच्यानं ते पुसलेत. एक-एक बोट पुसलंत. "बरं," म्हणालात. दुसऱ्या दिवशी मला पूर्णेच्या स्टेशनवर सोडायला आलात, गाडी कितीला आहे, डबा कुठं थांबेल, एवढंच बोललात. गाडी हलली तेव्हा मी हात केला. तुम्हीही केलात. पण नेहमीसारखं डब्याबरोबर चार पावलं चालला नाहीत.

गाडीत मला ती बादली आठवली. बाहेरून थंड झालंय, आत अजून आग आहे. आम्ही इतके दिवस आतलं लवकर कसं निववायचं याच्या मागं लागलो होतो. बाहेरचं सावकाश निवलं तर? थंडीवाऱ्यात तुम्ही काय करायचात? पोतं टाकायचात.

कामावर गेल्यावर मी बैठकीत भीत भीत बोलले. आमच्या मामाचं असं असं दुकान आहे, तो इंजिन बंद केल्यावर त्यावर पोतं टाकतो. आधी हसले सगळे. मग साहेब हसायचे थांबले. हे मी एकटीनं केलं असं म्हणणार नाही, तसं म्हटलेलं तुम्हाला आवडलंही नसतं. ते पांघरूण कशाचं, कुठं, किती, हे माझ्याहून हुशार माणसांनी ठरवलं. पण नाव पडलं ते पडलंच. कागदावर त्या भागाचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. बोलताना सगळे त्याला पोतं म्हणतात. एक तमिळ मुलगी आहे आमच्यात, ती "पोतम" म्हणते. "पोतम आलं का?" "पोतम आज बसणार का?" मामा, बंगळूरमध्ये, जिथं आत जायला तीन ठिकाणी ओळखपत्र दाखवावं लागतं, तिथं चांगली सुटाबुटातली माणसं ताडकळसचं पोतं पोतं करत फिरतायत. तुम्ही हे ऐकून खोकला येईपर्यंत हसला असतात.

मी सांगितलं नाही. मी साहेबांना विचारलं होतं, घरी कितपत सांगू? ते म्हणाले, आधी चालू दे, मग चाललं एवढं सांगा. मी तसं ठरवलं. खरं तर "मामा, माझं चुकलं" एवढं म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. त्यात कसलं गुपित होतं? पण मला नुसती माफी नको होती. तुमच्यासमोर बसून, तुमचा चेहरा बघत, पोत्याची सगळी गोष्ट सांगायची होती. हौस माझी होती. संक्रांतीला फोन केला तर तुम्ही "बरं हाय," म्हणालात, "तू कशी हाईस," म्हणालात, आणि फोन मामींकडं दिलात. मला वाटलं, थांबू अजून थोडं. इंजिनासाठी थांबायचं असतं हे तुम्ही शिकवलंत. माणसासाठी थांबायचं नसतं हे मला समजायला पाहिजे होतं.

त्या दिवशी आम्ही इंजिन पूर्ण जोरात चालवलं आणि एकदम बंद केलं. मग पुन्हा चालू करायचं. मधला वेळ किती ते लिहीत नाही, पण तुमची बिडी अर्धीसुद्धा झाली नसती. तेवढ्या वेळात मी तुमची आठवण काढली, हे खरं आहे. मनात म्हटलं, मामा, आज तुमचा नियम मोडतोय, पोटात घाला. साहेबांनी मान हलवली. इंजिन उठलं. कुठं घासलं नाही, कुठं अडखळलं नाही. संध्याकाळी आतून बघितलं तर ओरखडा नाही. ती तमिळ मुलगी माझ्या गळ्यात पडली. साहेब म्हणाले, "आता सांगा तुमच्या मामांना."

मी गेटपर्यंत पळत गेले. या वयात, साडी नेसून. कप्पा उघडला. मामींचे सात फोन दिसले, आणि मला वेडीला वाटलं, तुम्हाला कसा काय वास लागला, म्हणून तुम्हीच करायला लावले असतील. मी हसतच फोन लावला.

"संगे," मामी म्हणाल्या, "तुजे मामा गेले गं."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. गेटवरचा शिपाई म्हणतो, मी त्याला दोन-तीनदा सांगितलं, चाललं म्हणून. तुम्ही दुपारी गेला होतात. आमचं इंजिन पुन्हा उठलं तेही दुपारीच. दोन्ही वेळा जुळवून बघायचा मोह मी आवरलाय. मामींना विचारलं नाही आणि विचारणार नाही.

तुम्हाला अग्नी माझ्या भावानं दिला. मी पोचले ती तुमची राख सावडायला. निवलेली नव्हती ती पुरती. कडेनं गार होती आणि आत हात घातला की ऊब लागत होती. भाऊ म्हणाला, ताई, सावकाश. मी हात काढला नाही. मग गोदावरीला गेलो, ते झालं. त्या दिवशी मला रडू आलं नाही, आणि बायका एकमेकींकडं बघत होत्या.

रडू परवा आलं. मी मामींना विचारलं, "मामा माझ्यावर रुसले होते का?" मला वाटलं, त्या नाही म्हणतील, मरणाच्या घरात सगळे नाहीच म्हणतात.

"रुसले व्हते," मामी म्हणाल्या. "खोटं कामून बोलू? लय लागलं व्हतं त्यान्ला. दुकानात जाऊन बसायचे अन् एक काम करायचे न्हाईत. सक्रातीपस्तोर तसंच."

"आणि मग?"

"मग एक दिस जेवताना म्हनले, पोरगी एवढी चिडली म्हंजी मी बरोबर जागी बोट ठिवलं असंल. म्हनले, सांगायचं न्हाई म्हनून सांगितलं न्हाई, त्यात तिचं काय चुकलं. मी म्हनले, मग फोन करा की. तर न्हाई म्हनले. म्हनले, तिचं चालू व्हईल तवा तीच करंल."

मी पदरात तोंड घातलं. मामी पुढं म्हणाल्या, "परभनीला नेताना जीपमधीबी म्हनत व्हते, संगीला आत्ता लावू नगं, तिचा फोन गेटवर असंल, सांजचं लाव. मी काय ऐकते का? मी लावला."

म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. तुम्हीही आणि मीही. एकाच फोनची. मला यातून समाधान वाटावं असं मामींना वाटत असेल. मला नाही वाटत. तुम्ही रागात गेला असतात तर मी वाईट ठरले असते, एवढंच. तुम्ही वाट बघत गेलात, याचं मी काय करू?

हे एवढं लिहून झालं आणि दुकानासमोर रामकिशनकाका येऊन उभे राहिले, पिंपळाजवळच्या मळ्यातले. त्यांचं इंजिन तुम्ही शेवटचं खोललेलं. रिंगा बदललेल्या, सगळं बांधून झालेलं, कोपऱ्यात पुसून ठेवलेलं. त्यांचा गहू काढून पडलाय, मळणी अडलीय. तेरावं होईपर्यंत बिचारे एक शब्द बोलले नाहीत. आताही इंजिनाचं नावच काढेनात. मामी आतून आल्या आणि म्हणाल्या, "चालवून बगितल्याबिगर ह्यांनी एकबी इंजिन दिलं न्हाई. संगे, तू चालव. मग देऊ."

मी पदर खोचला. हँडल घातलं. दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला पकडलं. तुम्ही बांधलेलं इंजिन, मामा, पहिल्याच दमात सुरात आलं. शेडचा पत्रा थरथरला, खुंटीवरचा तुमचा शर्ट हलला. मी ते चांगलं तापू दिलं. जोरात चालवलं, ऐकलं, कुठं काही नाही. रामकिशनकाकांनी टोपी काढून डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाले. मग मी रेस उतरवली.

बिडीभर.

इंजिन हळू टकटकत होतं. मी लिव्हरवर हात ठेवून उभी राहिले आणि तुम्हाला सगळं सांगितलं. तोंडानं नाही, रामकिशनकाका होते. पात्याच्या टोकाची फट सांगितली, ओरखडा सांगितला, साहेब हसायचे कसे थांबले ते सांगितलं. पोतम सांगितलं. एका माणसाची जागा झाली, मामा, असं सांगितलं. आणि चुकलं म्हटलं. ते शेवटी म्हटलं, कारण ते म्हटलं की बोलणं संपणार होतं, आणि बोलणं संपलं की लिव्हर ओढावी लागणार होती. मला ती ओढवेना. इंजिन चालू होतं तोवर तुमचं काम चालू होतं. किती वेळ गेला कळलं नाही. काका अस्वस्थ होऊन माझ्याकडं, मग मामींकडं बघायला लागले.

मामी जवळ आल्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बिडी संपली असंल आता, संगे," त्या म्हणाल्या. "कर बंद."

मी लिव्हर ओढली. चैत्राचं ऊन होतं, वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, पोत्याची काही गरज नव्हती. खुंटीखालून मी ते उचललं, झटकलं आणि इंजिनावर घातलं.